सुंदररावांचे मुळे

सुंदरराव मुळा कानाने निवडत. कुंभकोणमच्या मंडईत एकेक मुळा कानाशी धरायचा, टिचकी मारायची, डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, मुळा यांना घरचं गाऱ्हाणं सांगतोय. मग घरी येऊन व्याख्यान: बद्द वाजला तर आतून पोकळ, टणक वाजला तर चोख. मुळ्यापेक्षा पाल्यात जास्त सत्त्व असतं, हेही ते ठणकावून सांगत. पाल्याची भाजी मात्र त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती.

गेले तीन आठवडे सांबारात मुळ्याच्या नावाखाली नुसता कापूस शिजत होता. मुलगा कृष्णप्रसाद फोडी निमूट ताटाच्या कडेला रचून ठेवी. चौथ्या आठवड्यात सून सहानाने विषय काढला. "मामंजी, एकदा कान दाखवून येऊं कां?" आणि मंडईची पिशवी खुंटीवरून काढून तिने आपल्या स्कूटरला अडकवली.

सुंदररावांचं धाबं दणाणलं. कान गेले तर मंडई गेली, आणि मंडई गेली की घरात उरणार एक पेन्शनर, पेपर वाचणारा. सकाळभर ते कानाशी चुटक्या वाजवत बसले. सगळ्या ऐकू येत होत्या, त्यामुळे ते जास्तच घाबरले.

दुपारी बायको वेदवती सहानाने आणलेले मुळे आवरत होत्या. पाला मुळ्यातलं पाणी ओढतो, म्हणून तो आधी कापायचा, मग मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना कीव आली.

"कानाला कांहीं जालं नाही तुमच्या," त्या म्हणाल्या.

"मग मुळे?"

"तुम्ही जेवून निजलां की मी पिशवी घेऊन परत मंडईत जायची. तुमचे देऊन दुसरे आणायची. भाजीवालीला ठाऊक असे. चाळीस वर्षं. आतां गुडघे धरले, म्हणून जाणं होत नाही." त्यांनी एक मुळा नवऱ्याच्या हातात दिला. "जड लागावा, नख लावतांच पाणी सुटावं, इतकंच बघायचं. वाजवायला तो मृदंग नव्हे."

सुंदररावांनी मुळ्याला नख लावलं; पाणी सुटलं. त्यांना भयंकर लाज वाटली. बहिऱ्याला लोक सांभाळून घेतात. चाळीस वर्षं अडाणी राहिलेल्याला कोण घेणार?

त्यांनी सावकाश तळहात कानामागे धरला.

"काय म्हटलंस? मोठ्याने बोल."

वेदवतींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा पाला कापायला घेतला.

"सहाना," सुंदररावांनी आत हाक मारली, "डॉक्टरची वेळ घे. मजला कांहीं ऐकूं येत नाही."