जन्मगाव जामखेड

जामखेडच्या शाळेत एक जूनला जन्मलेली इतकी पोरं होती, की परक्या माणसाला वाटावं, या तालुक्यातल्या बायका वर्षभर दम धरून बसतात आणि एक जून उजाडला की एकदम बाळंत होतात. खरी गोष्ट अशी, की पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख कुठली आठवायला? "लई थंडी हुती बघा, अन् तांबडी गाय व्याली हुती," एवढंच तो सांगायचा. मग गुरुजी टाक बुडवायचे आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एक जून तारीख घालून मोकळे व्हायचे. विष्णुपंत गुरुजींनी तीस वर्षांत अशी शेकडो पोरं एक जूनला जन्माला घातली. रिटायर झाल्यावर त्यांनी आणखी एकीला घातलं. ती लीना, त्यांच्या पुतण्याची मुलगी.

लीना खरी जन्मली तेवीस ऑगस्टला, कंपालात. म्हणजे आफ्रिकेत, युगांडा देशात, समुद्र ओलांडून आणि वर दोन दिवस रेल्वेने गेल्यावर.

तिचे बाबा माधव तिथे रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. युगांडातून इंग्रजांचं राज्य गेलं तेव्हा बाबांनी घरात पेढे केले. ज्या देशाचं मीठ खातो त्याचंच व्हायचं म्हणून इंग्रजांचा पासपोर्ट परत केला आणि नव्या देशाचा घेतला. आई मात्र हट्टी. तिने लीनाचं नाव भारताच्या वकिलातीत नोंदवून ठेवलं आणि लीना नऊ वर्षांची असताना आई वारली. पुढे बहात्तरच्या ऑगस्टात तिथल्या लष्करशहाचं फर्मान निघालं, की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत चालतं व्हावं. बाबा आपला कागद घेऊन रांगेत उभे राहिले. साहेब म्हणाला, इंग्रजांचा पासपोर्ट तीन महिन्यांत परत करायचा होता, तुमचा आठ दिवस उशिरा पोचला, तेव्हा आमचा कागद रद्द. इंग्रजांकडे गेले, तर ते म्हणाले, तुम्ही आमचा परत केलात ना? झालं. धोबी का कुत्ता, न घर का न घाट का, असं बाबा स्वतःच हसून म्हणाले होते. ते हसणं लीनाला अजून ऐकू यायचं.

बाबांना कुठल्याच देशाच्या नसलेल्या माणसांच्या विमानात बसवून ऑस्ट्रियातल्या छावणीत नेलं. आईच्या त्या नोंदीमुळे भारताचा पासपोर्ट मिळालेली लीना शेजाऱ्यांबरोबर रेल्वेने मोंबासाला निघाली. वाटेत सैनिकांनी ट्रंक नेली, तिच्यात शाळेचे सगळे दाखले होते. पासपोर्ट तेवढा परकराच्या आत शिवलेला होता, तो वाचला. मग बोट, मग मुंबई, मग एस.टी., मग जामखेड.

विष्णुपंत आजोबा स्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. माणूस प्रेमळ, पण घरात बोलायची सवय मोडलेली. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायची, आणि भाकरीचा तुकडा मोडल्याचासुद्धा आवाज व्हायचा. शाळेत उलटं. तिथे आवाजच आवाज.

"ए, तिकडं माणसं माणसाला खात्यात म्हणं?"

"नाही. केळी उकडून खातात."

"हॅट्! मग काय मजा?"

असं विचारून पोरी पळायच्या. एक चांगुणाच तेवढी जवळ बसायची. चांगुणाचे आईबाप त्या वर्षीच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, आणि डबा उघडला की ती आधी अर्धी भाकरी लीनाकडे सरकवायची. "खा गं. आमच्या रेशनच्या लाल ज्वारीला नावं ठिवू नको, ती बी तुझ्यावानी बोटीतनं आलीया."

शाळेत नाव घालायचा दिवस लीनाला पाठ होता. परदेशात जन्मलेल्या मुलीला नगरच्या शिक्षणखात्याची परवानगी लागणार, त्यात सहा महिने जाणार आणि मॅट्रिकचा फॉर्म तर जानेवारीत. विष्णुपंतांनी क्षणभर विचार केला, मग पालकाचा अर्ज पुढे ओढून जुन्या सवयीने टाक बुडवला. जन्मतारीख, एक जून. जन्मगाव, जामखेड. खाली शपथेवर सही. खोटं होतं हे लीनाला कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला ते वाचून बरं वाटलं. तीन महिने ती कुठलीच नव्हती. आता शाईने लिहिलेलं गाव होतं.

अभ्यास तिने असा केला की हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं, ही पोरगी शाळेचं नाव काढणार, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. लीनाला गगन ठेंगणं झालं. हॉल तिकीटसुद्धा आलं.

आणि मार्च त्र्याहत्तरच्या पहिल्या आठवड्यात बाबांचं पत्र आलं.

"एक देश आम्हाला घ्यायला तयार आहे," बाबांनी लिहिलं होतं. "महिनाअखेर यादी जाईल. तुझं नाव माझ्या नावाखाली घालायचं तर पासपोर्टची नक्कल आणि शाळेचा कागद हवा. दोन्हीत जन्म जुळला पाहिजे. जुळला नाही तर मला एकटा म्हणून लिहितील. मग पुढे बोलावणं अवघड आहे, बाळ."

लीनाने पत्र दोनदा वाचलं आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

हेडमास्तर आप्पासाहेब उठून उभे राहिले. ते विष्णुपंतांचेच विद्यार्थी.

"आप्पा, मी खोटं लिहिलं," आजोबा म्हणाले. "तसं लिहून देतो. नोंद बदल."

"गुरुजी, शपथेवर खोटं लिहिलं म्हणून सांगितलंत, तर नगरचे साहेब तुमच्या हातची सगळी रजिस्टरं उघडतील. किती एक जून निघतील?" आप्पासाहेब हळूच म्हणाले. "त्यात एक मी आहे. तुमचं पेन्शन जाईल आणि माझी नोकरी."

आजोबा मटकन खुर्चीत बसले.

"आणि नोंद बदलायची तरी साक्षीदार लागतो," आप्पासाहेब म्हणाले. "जन्माच्या वेळी हजर असलेला. मग नगरला प्रस्ताव."

दाराशी घुटमळणारी चांगुणा एकदम आत घुसली. "सर, आमच्या आईला आनते! ती हुती म्हनून सांगंल. लगीच अंगठा दील."

"कंपालात?"

"कुठं का आसंना!"

आप्पासाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "लीना, तूच सांग. तू जन्मलीस तेव्हा घरात कोण होतं?"

"आई," लीना म्हणाली. बाबा कामावर होते, डॉक्टर उशिरा आला होता. ही गोष्ट आईने शंभरदा सांगितली होती. आणि मग तिला आठवलं. "नकाटो होती. आमच्याकडे कामाला होती. तिनेच मला पहिलं हातात घेतलं."

"छान! पत्र घालू तिला. पूर्ण नाव?"

लीनाने तोंड उघडलं.

नकाटो. नुसती नकाटो. सोळा वर्षं तिने लीनाच्या वेण्या घातल्या, फ्रॉक धुतले, ताप आला की रात्रभर पाय चेपले. निघायच्या दिवशी फाटकाशी उभी राहून ती रडली होती. तिचं आडनाव काय? गाव कुठलं? ती सुट्टीत कुठे जायची, तिथे तिचं कोण होतं? घरात कुणीच कधी विचारलं नव्हतं. लीनानेही नाही. 'नकाटो, पाणी,' म्हटलं की पाणी यायचं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

आजोबा खाली बघत म्हणाले, "आपण इंग्रजांचं बोट धरून गेलो गं तिकडे. घरात कोण राबतंय, त्याचं नावगाव विचारायची रीत नव्हती."

रजिस्टर पुढे ओढून आप्पासाहेब म्हणाले, "एकच वाट आहे. चुकीने दाखल झाली म्हणून तुझं नाव मी कमी करू शकतो. ते माझ्या हातात आहे, नगरला विचारायला नको. आणि पासपोर्टवरचा खरा जन्म लिहून तसा कागद देतो, इंग्रजीत. पण नाव कमी झालं की यंदाची परीक्षा गेली, बाळ. सोमवारी पहिला पेपर आहे. परवानगी आली तर जूनमध्ये नव्याने वर्गात बसायचं."

"असं नका करू, सर!" चांगुणा रडायलाच लागली. "मग मी कुनासंगं बसू?"

लीनाला ते आवाज सगळे लांबून आल्यासारखे वाटले. परीक्षा, टाळ्या, शाळेचं नाव, अर्धी भाकरी, सगळं त्या एका ओळीला टांगलेलं होतं. तिने मनाशी बाबांना छावणीतल्या रांगेत उभं पाहिलं. हातात कागद नाही, आणि लिहिणारा विचारतोय, मागे कुणी आहे का?

"कमी करा, सर," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी लाल शाईची दौत ओढली. नाव, तारीख, गाव, सगळ्यावरून एक रेघ गेली. लीनाने स्वतः खाली सही केली. हॉल तिकीट टेबलावर ठेवलं. आजोबांनी ते उचलून तिच्या हातात परत द्यायचा प्रयत्न केला, मग त्यांनाच कळलं आणि त्यांनी ते खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लीना एकटीच पोस्टात गेली. बाबांना पाठवायच्या कागदांचं पाकीट रजिस्टर केलं, पावती घेतली. पोस्ट शाळेच्या अगदी समोर. बाहेर आली तेव्हा अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाच्या खिडकीतून हजेरी ऐकू येत होती. सव्वीस. हजर. सत्तावीस. हजर, हा चांगुणाचा आवाज, रडून बसलेला. मग सरांचा आवाज थोडा अडखळला आणि पुढे म्हणाला, एकोणतीस.

लीना पायरीवर बसली. रोज दहा ते पाच कुठे जायचं, हे तिला अजून ठरवायचं होतं. पण आधी तिने पावतीच्या मागे पेन्सिलीने बाबांसाठी पुढच्या पत्रातला पहिला प्रश्न लिहिला: नकाटोचं गाव तुम्हाला आठवतं का?