दुसऱ्या मजल्यावरची साक्ष

मी तशी तोंडाची फटकळ, घरात सगळे मला टरकून असतात. पण त्या सकाळी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसले आणि माझी पाचावर धारण बसली. आत पिंजऱ्यात माझा धाकटा दीर उभा होता. त्याने त्याच्या बायकोला, माझ्या जावेला, गच्चीवरून ढकललं होतं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मी पाहिलं.

सहा महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावर, मॅजिस्ट्रेटसमोर बंद खोलीत, हे सगळं सांगून झालं होतं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. मग पुन्हा समन्स आलं.

"आठवत नाही म्हण," शेजारी बसलेला नवरा पुटपुटला. "तो सुटला तर घरीच येईल ना."

घरीच येईल, हीच तर भीती होती. त्याच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत होती.

तेवढ्यात फायली घेऊन कारकून बाहेर आला. मी त्याला गाठलंच. "अहो, खाली एकदा सांगितलंय. तोच कागद वाचा की."

"बाई, खालचं कोर्ट खुनाचा निकाल देत नाही. कागद बघून केस वर पाठवतं. साक्ष ऐकायची ती इथे."

"याच्याही वर हायकोर्ट आहे ना? तोवर धीर करते, तिथे सांगते."

तो हसला. "तिथे साक्षीदाराला कोण विचारतंय? इथे लिहिलेलं तिथे वाचतात. आज आठवत नाही म्हणालात, तर वरपर्यंत तेच जाणार."

म्हणजे जावेच्या बाजूने बोलायला एवढी एकच खोली होती.

पट्टेवाल्याने पुकारलं. आत गेले, तर दीर माझ्याकडे बघून हसला. 'वहिनी, चहा टाकता का' म्हणताना हसायचा, तसाच. मागच्या रांगेत सासूबाई होत्या. शपथ कशीबशी घेतली.

"काय पाहिलं तुम्ही?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझ्या या दिराने तिला ढकललं. दोन्ही हातांनी."

"मोठ्याने सांगा," न्यायाधीश म्हणाले. "लिहून घ्यायचंय."

मग मला ते पुन्हा, सासूबाईंना ऐकू जाईल असं सांगावं लागलं. दिराचं हसू गेलं.

उलटतपासणी संपवून बाहेर आले, तेव्हा बाकावर नवरा नव्हता. घराची किल्ली त्याच्याकडेच होती. मी जिन्यापाशी उभी राहिले. खाली उतरायची हिंमत होईना.