एकोणिसावा दोष

चेन्नईजवळ अंबत्तूरच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिपा तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुख सरोजाबाई म्हणजे खमकं काम. घर तंजावरकडचं, मराठी. राग आला की अर्ध्या वाटेत तमिळ सुरू. अकरा वर्षांत त्यांनी एकही खोटा दोष नोंदवला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्यांच्या चिपचे चार भाग. एखादा बिघडलेला निघाला, तर त्याच्यासकट दोन भाग कायमचे बंद करून ती चिप स्वस्तात विकायची. पूर्वी शंभरात तीस अशा निघत. बाईंनी हात धुऊन मागे लागून ते प्रमाण चारावर आणलं.

आणि तिथंच घोडं अडलं.

"सरोजाताई, स्वस्त चिपांचं सगळं मार्केट समोरची कंपनी खातेय," विक्री विभागाचा विश्वजित म्हणाला. पोरगा नाशिकचा, बोलायला गोड. "आपल्याकडं स्वस्त मालच उरला नाही. शंभरातल्या पंचवीस चांगल्या चिपांचे दोन-दोन भाग बंद करा. वरून ठरलंय."

"अय्यय्यो! चांगल्या चिपा मुद्दाम अधू करू?"

"नवी स्वस्त चिप बनवायला दोन वर्षं लागतील. तोवर गिऱ्हाईक थांबतंय होय?"

हिशेब बरोबर होता. बाईंना तो पटला, म्हणून तर जास्तच चीड आली. शिवाय भाग बंद करायचा तर मशीनला दोष सांगावा लागे. यादीत अठरा दोष होते, आणि प्रत्येक नोंदीखाली नाव बाईंचं.

"टाका हो कुठलाही. कोण बघतंय?"

"मी बघते की रे."

दुपारपर्यंत त्यांनी लाइन अडवून धरली. मग यादीत एकोणिसावा दोष वाढवला, 'चिप चांगली आहे', आणि काम सुरू केलं.

सहा महिन्यांत समोरच्या कंपनीची तीन मोठी गिऱ्हाइकं इकडं आली. विश्वजितनं म्हैसूरपाकाचा डबा आणून दिला. बाईंनी तो सगळ्यांत वाटला, स्वतः मात्र तुकडाही घेतला नाही.

मग मुख्य कचेरीचा मेल आला. 'दोष क्रमांक एकोणीस सर्वांत जास्त, शंभरात पंचवीस. तातडीनं कमी करावा. उपाय कळवावा.'

बाईंना हसू आवरेना. त्यांनी लिहिलं, 'अकरा वर्षांपूर्वी करायचो तसं गचाळ काम पुन्हा सुरू केलं, की हा दोष आपोआप जाईल. परवानगी द्यावी.'

तासाभरात उत्तर आलं. 'उपाय मंजूर. खर्चही वाचेल. सोमवारपासून सुरू करावं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. थट्टा त्यांनी केली होती. तिकडच्यांनी केली नव्हती.