हळदीकुंकवाच्या तारा

जयवंताबाईच्या घरात शब्द तिचा एकटीचा चालायचा. लेक, सून, जावई, दूधवाला, सगळे तिचं ऐकायचे. तिचा गळा तेवढा अलीकडे तिचं ऐकेनासा झाला होता.

सक्करदऱ्याच्या महिला भजन मंडळात ती पुढं बसून गायची. वय झालं तसा आवाज खाली उतरला, भारी झाला. वरचे सूर गेले त्याचं तिला फार वाईट वाटलं नाही. "दात पडले म्हणून माणूस उपाशी मरते का? भात खाते," म्हणायची. पण खालच्या सुरावर उतरताना पायाखाली पायरी लागत नसे. मंडळ चालवणाऱ्या सिंधूताईची पेटी तिथं भरून येत नव्हती, आणि खंजिरी तर नुसती छनछन. उतरता उतरता आवाज लटपटायचा आणि मागच्या बाया एकमेकींकडं बघायच्या. ते बघणं तिला मागं न वळताही कळायचं.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून अबोलीची गिटार वाजली. साधी नव्हे, बेस गिटार, चार जाड तारांची, लांब मानेची. कॉलेजातल्या बँडमधली बाकीची पोरं नोकरीसाठी पुण्याला पांगली आणि ही नात गिटार घेऊन घरात उरली होती. आजी स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत बसलेली. भिंतीतून आलेला सूर तिला कानात ऐकू आला नाही, थेट छातीच्या हाडात लागला. हातातली डाळ तशीच ठेवून तिनं एक ओळ गुणगुणली, खाली उतरली, आणि पायरी लागली.

दुसऱ्याच दिवशी मंडळात सांगून मोकळी. "दसऱ्यानंतरच्या स्पर्धेत माही नात वाजवणार हाये."

"भजनात गिटार?" सिंधूताईनं पेटीचा भाता मिटला. "उद्या जीन पँट घालून भजनाले याल तुमी."

"येईन ना. तुमच्या पातळापेक्षा धुवाले सोपी."

बाया हसल्या. पण तालीम सुरू झाली आणि हसणं उलटलं. अबोलीचं बोट तारेवर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकलं की आवाज यायचा, चर्र. पाटीवर नख ओढल्यासारखा. शिवाय तारा नव्या कोऱ्या. त्यांचा झणका खंजिरीच्या चकत्यांशी भांडायचा. खालचा सूर होता, पण भांडणाच्या घरात म्हातारा माणूस असावा तसा, कोणी त्याला बोलूच देत नव्हतं.

"हे काय घूस ओरडून राहिली का वं?" सिंधूताईनं विचारलं. मग सगळ्यांसमोर निकाल दिला, "सोमवारच्या तालमीत हे चर्र निघालं तर पोट्टी स्पर्धेत बसणार नाही. आताच सांगून ठेवते."

"पोट्टी नाही बसली तर मी पण नाही गात."

शब्द तोंडातून गेला. जयवंताबाईचा शब्द गेला की परत येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक. पुढच्या सतरंजीवर बसायला सिंधूताईची सून वंदना कधीची तयार होतीच. वरची पट्टी, कोवळा गळा.

मधे दसरा आला. दसऱ्याला घरातलं जे जे लोखंड राबतं, ते ते पुजायचं. विळी, शिलाई मशीन, अबोलीच्या बापाची गाडी, देवघराजवळ मांडलेली खंजिरी. यंदा जयवंताबाईनं गिटारही पाटावर ठेवली. चार तारा म्हणजे लोखंडच. घरातल्या वस्तूची पूजा करताना ती हात आखडता घेत नसे. हळद कालवली, कुंकू कालवलं, आणि चारही तारांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं भरभरून ओढलं. वर झेंडूचा हार घातला. मनात म्हणाली, आता बघू सिंधूची घूस कुठं ओरडते.

दुसऱ्या दिवशी अबोलीनं हार काढला आणि तार छेडली. थप्. ओल्या मडक्यावर थाप मारावी तसा आवाज. दुसरी तार. थप्. हळदकुंकू वाळून तारेत घट्ट बसलं होतं. फडक्यानं पुसलं तर फडकं पिवळं झालं, तारा तशाच राहिल्या.

जयवंताबाई दारात उभी. नात आता काय बोलणार म्हणून तिनं उत्तर आधीच जिभेवर तयार ठेवलं होतं: देवाचं केलं, पाप नाही केलं.

पण पोरीनं गिटारच्या लाकडाला कान लावला, पुन्हा तार छेडली, बोट सरसर वर नेलं, खाली आणलं. चर्र नाही. तिचे डोळे मोठे झाले.

"आजी, इकडं ये. तुझी ती खालची ओळ म्हण."

जयवंताबाई म्हणाली. उतरली. खालचा सूर तिथं होता, गोल, बिनकाठाचा, जुन्या गादीसारखा. झणका गेला होता.

"मग झालं तर! देवीनं केलं."

"तू केलं आजी," अबोली हसली. "पण हे टिकत नाही. बघ, वर गेलं की सूर वाकडा होते. हळद कुठं जास्त, कुठं कमी." तिनं तार नखानं दाखवली. "या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते. सुतळी असते ना, तिच्यावर जशा खाचा, तशा. बोट खाचांवरून घासते म्हणून चर्र. तुझं कुंकू त्या खाचांत भरलं. गोल तारेऐवजी चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या तारा पण मिळतात. फ्लॅटवाउंड म्हणतात. खाचाच नाहीत."

"म्हणजे खाटेची नवार."

"हो. सुतळीची खाट नको, नवारीची पाहिजे आपल्याले."

आजीला हे एकदम पटलं. सुतळीच्या खाटेनं पाठीवर उठलेले वळ तिनं जन्मभर पाहिले होते.

इतवारी बाजारात भांडेओळीच्या मागं मुकुंदचं वाद्यांचं दुकान होतं. हातगाड्या चुकवत दोघी पोचल्या. मुकुंदनं आधी तारांचं चकचकीत पाकीट पुढं केलं. "आजकालची पोरं हेच मागतात ताई. काय झणकते!"

"झणका घरी हाये गा आमच्या," जयवंताबाई म्हणाली. "नवारीच्या दाखव."

मुकुंदला काही कळलं नाही. अबोलीनं नीट सांगितल्यावर त्यानं आतून दोन गिटारी काढून दिल्या. एकीवर काळ्या तारा होत्या, वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या. दुसरीवर चपट्या पोलादी, चांगल्या जाड.

"काळ्या नको," आजीनं लगेच फर्मान काढलं. "सणावाराचं वाद्य, त्याले काळं?"

अबोलीनं तरीही काळ्या वाजवल्या. डोळे मिटून, कान लाकडाला लावून, सूर विझेपर्यंत थांबून. "गोड हायेत," ती म्हणाली. "पण फारच मऊ. खंजिरी सुरू झाली की दबून जातील." मग पोलादी घेतली. बोट वर नेलं, खाली आणलं. नुसती हवा सरकली.

"ह्याच घे. आणि जाडच घे," जयवंताबाई म्हणाली. "घरात आणायचं ते दणकट."

"नाही आजी."

मुकुंदला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण जयवंताबाईला वाटलं. 'नाही आजी' हे शब्द तिच्यासमोर असे जोडून कोणी बोललं नव्हतं.

"जाड तारा जास्त ओढतात. माझ्या गिटारची मान वाकेल. आणि दाबून दाबून माझं बोट दुखलं तर स्पर्धेत शेवटच्या भजनाले सूर चुकेल. मुकुंददादा, ह्यातल्याच हलक्या द्या."

उभ्या जन्मात जयवंताबाईनं पुष्कळ काही पारखून घेतलं होतं, पातळं, भांडी, सुना. पारखणारा माणूस कसा दिसतो ते तिला माहीत होतं. तो दुकानदाराकडं बघत नाही, सोबत आलेल्याकडंही बघत नाही. वस्तूकडं बघतो. पोरगी तशीच उभी होती. माझ्यावर गेली, असं म्हणायची तिला सवय होती. आज मनात आलं, नाही, ही माझ्याही पुढची.

"ऐकलं ना? हलक्या दे," ती मुकुंदवर खेकसली. "मान वाकणारी वस्तू आमच्या घरात चालत नाही."

मुकुंदनं पाकीट दिलं. "पण ताई, एवढ्या तरुणपणी फ्लॅटवाउंड काहून? जुने लोक वापरतात ह्या."

"दरवर्षी दसरा येते ना दादा," अबोली म्हणाली. "मले अशा तारा पाहिजेत, ज्यांच्यावर हळदकुंकू लावलं तरी पुसून निघेल. आमची आजी हात भरून लावते."

मुकुंद हसला. जयवंताबाई मात्र वळून बाहेरच्या हातगाड्या बघायला लागली आणि बराच वेळ बघत राहिली.

सोमवारी तालमीला सिंधूताई कान टवकारून बसली. भजन सुरू झालं. खंजिरी, पेटी, टाळ. जयवंताबाई हळूहळू खाली उतरली, जिथं लटपटायची तिथं पाय ठेवला आणि तिथंच मुक्काम केला. चर्र नाही. झणका नाही.

सिंधूताईनं मधेच मान वर केली. "पोट्टी वाजवते का नुसती बसली हाये? ऐकूच नाही येऊन राहिलं!"

असंही कोणी म्हणेल हे जयवंताबाईला सुचलंच नव्हतं. तिनं नातीकडं पाहिलं. अबोलीनं फक्त तारांवर हात ठेवला आणि वाजवणं थांबवलं.

भजन चालूच होतं, पण खालून कोणी सतरंजी ओढून घ्यावी तसं झालं. खंजिरी एकटीच छनछनायला लागली. टाळ पुढं पळाले. मागच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि वंदनाचा ताल चुकला. सिंधूताईची बोटं पेटीवर काहीतरी शोधत राहिली.

"वाजव वं!" ती ओरडली. "थांबली काहून? वाजव!"

अबोलीनं वाजवलं. सगळं परत जागेवर बसलं.

भजन संपल्यावर सिंधूताई उठली. पेटी एका बाजूला सरकवली आणि सतरंजीवर पुढं, जयवंताबाईच्या उजव्या हाताला, जागा केली. "इथं बस पोरी. मागून मले येत नाही ऐकू."

"आता घूस नाही का ओरडत?" जयवंताबाईनं विचारलं.

"तुमीच ओरडता तेवढ्या."

जयवंताबाईनं पूजेचा करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं, आणि थबकली. गिटारकडं पाहिलं, मग नातीकडं. सगळ्या बायांदेखत तिनं विचारलं, "लावू का वं?"

जन्मात पहिल्यांदा तिनं कोणाला तरी विचारलं होतं. अबोलीनं गिटार पुढं केली.

"लाव आजी. भरून लाव."