दंडावरचं बटण

जे बटण ड्रायव्हरच्या दंडावर असायला हवं होतं, ते त्याच्या बायकोच्या दंडावर होतं. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच. आता ते तिथे कसं गेलं, ते ऐका.

ड्रायव्हर एका फॅक्टरीची बस चालवायचा. शुगर त्याला कैक वर्षांची. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, पोटभर खायचं, कामगारांना गोळा करून फाटकात सोडायचं, हा नेम. पण अलीकडे त्याची शुगर अधूनमधून धाडकन खाली यायला लागली होती. एकदा घरात बसल्या बसल्या त्याने जगमधलं पाणी ग्लासाच्या शेजारी टेबलावर ओतलं, आणि बायकोने हटकलं तर तिच्यावरच खेकसला. अंगाला दरदरून घाम, नजर भलतीकडेच. तिने तोंडात साखर कोंबली तेव्हा कुठे माणूस ताळ्यावर आला. आला आणि विचारतो काय, तर, “पाणी कुणी सांडलं?”

त्यातच कंपनीने फर्मान काढलं. शुगरवाल्या प्रत्येक ड्रायव्हरने हे नवं यंत्र लावायचं. दिसायला कोटाच्या बटणाएवढं. दंडाला चिकटवायचं, आत केसासारखी तार जाते, आणि शुगर किती आहे ते दिवसभर फोनला कळवत राहतं. फोनवरून आकडे दवाखान्यात. तिथे डॉक्टर आलेख बघणार आणि अंगाचं माप घेऊन कपडा बेतावा तसा ज्याचा त्याचा डोस ठरवणार. गोष्ट चांगलीच होती हो. वाईट काही नव्हतं तिच्यात.

पण ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा जुना जोडीदार एकदा चक्कर आली म्हणून घरी बसला होता, तो बसलाच.

“खाली गेलेली दिसली की संपलं,” ड्रायव्हर बायकोला म्हणाला. “स्टेअरिंग काढून घेतील. गोदामात खोकी उचलायला लावतील, तेही मेहरबानी म्हणून.”

“मग माझ्या दंडाला लावा,” बायको म्हणाली. “मला कुठे शुगर आहे?”

कल्पना तिचीच, हे सांगून टाकलेलं बरं. ती शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर कामाला होती. लांब बाह्यांचा एप्रन घालायची, त्यामुळे दंडावर काय आहे ते कुणाला दिसणार नव्हतं. दवाखान्यात फक्त कसं लावायचं ते दाखवून खोकं हातात दिलं होतं. घरी येऊन तिने दंड पुसला, त्याने ठप्पकन लावून दिलं आणि तिच्याच फोनला जोडलं.

“बायको असावी तर अशी,” तो हसून म्हणाला. “माझं दुखणंसुद्धा वाटून घेते.”

“दुखणं तुमचं तुमच्यापाशीच ठेवा. मी नुसतं बटण घेतलंय.”

दवाखान्यातली नर्स दुपारी तिलाच फोन करायची, कारण ड्रायव्हरला गाडीवर फोन उचलायची बंदी आणि स्वयंपाकघर शेवटी हिच्या हातात. नर्स बोलायला गोड, पण चौकस.

“ताई, दुपारचं जेवण झालं की साहेबांची शुगर फार चढते हो. आणि नंतर पुन्हा एकदा. चहात साखर घालता का?”

कारखान्यातला दुपारचा चहा म्हणजे निव्वळ पाक, आणि ती तो दोनदा प्यायची. “घालते,” ती म्हणाली. “म्हणजे, ते घेतात.”

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो चेष्टा करायची म्हणून म्हणाला, “बघ, माझ्या नावावर तुझी चोरी पकडली.” ती हसली. पण दोघांनाही कळायचं ते कळलं होतं, आणि दोघांनीही तो विषय पुढे नेला नाही. दवाखान्यातून सकाळचा डोस वाढवा असा निरोप आला, तेव्हा त्याने तो उडवून लावला. “तो तुझा डोस. मी आपला जुनाच घेणार.”

बायकोने मात्र नर्सचं सगळं ऐकलं. चहातली साखर बंद केली. जेवण झालं की कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. सोबतच्या बायका म्हणाल्या, “काय गं, या वयात नटी व्हायचंय का?” ती म्हणाली, “झालेच आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच.” आलेख सुतासारखा सरळ झाला. नर्सला कोण आनंद. डॉक्टरांनी दुसऱ्या रोग्यांना तो आलेख दाखवला म्हणे. इतकी मनापासून काळजी तिची जन्मात कुणी घेतली नव्हती, आणि ती घेतली जात होती नवऱ्याच्या नावाने.

एका दुपारी नर्स सहज बोलून गेली, “एक बरंय ताई, साहेबांची शुगर कधी खाली जात नाही.”

“गेली असती तर?” बायकोने मशीन थांबवलं. “नोकरी गेली असती ना?”

“छे हो, काहीतरीच काय. डोस उतरवला असता. थोडा कमी केला की बहुतेकांचं थांबतं. तसं करून बघितल्याशिवाय आम्ही कंपनीला काहीच कळवत नाही. त्याच्यासाठीच तर लावलंय ते.”

बायको घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. त्याने ऐकून घेतलं. “असं सगळेच म्हणतात. एकदा कागदावर आलं की आलं,” तो म्हणाला. पण तिचा चेहरा बघून नरमला. “बरं बाई. या बटणाची मुदत संपतच आलीये ना? परवा नवं लावायचंय, ते माझ्या दंडाला लाव. झालं समाधान? तोवर खिशात साखरेची पुडी आहेच.”

तिचा जीव भांड्यात पडला. परवाच तर लावायचं होतं. एरवी टॉवेल जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी ही बाई त्या दिवशी भांडली नाही. तेव्हाच बटण उपटून नर्सला फोन लावायला हवा होता. नाही लावला. पकडले जाण्याची भीती तिलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी त्याला उठायला उशीर झाला. इंजेक्शन घेतलं, दोन घास खाल्ले आणि उठला. “अहो, ताटात आहे ते तरी संपवा,” ती म्हणाली. “उतरल्यावर खातो,” असं दारातूनच ओरडून तो गेला.

त्याने सगळ्या कामगारांना नीट फाटकात सोडलं. मग रिकामी बस वळवली आणि ती समोरच्या दगडी भिंतीवर गेली. ब्रेक लागलाच नव्हता. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तेवढी एक मेहरबानी.

हॉस्पिटलात तिला त्याचे कपडे पिशवीत घालून दिले. खिशात साखरेची पुडी होती, न फोडलेली. ती हातात धरून ती बाकावर बसली. समोर कंपनीचा साहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होता. आवाज खाली ठेवायचीही त्याला गरज वाटली नाही.

“नाही, शुगरचा प्रश्नच नाही. दवाखान्याचा रिपोर्ट एकदम उत्तम आहे. डुलकी लागली असेल, नाहीतर प्यायला असेल. चौकशी लावू.”

उभ्या आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता. हे ओरडून सांगायला ती उठली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नेहमीची वेळ, नेहमीची नर्स. तिला अजून कुणी काही कळवलं नव्हतं.

“ताई, आज काय झालंय? साहेबांची शुगर सकाळपासून नुसती चढतेच आहे. टेन्शन घेतलंय का कशाचं? जेवले का?”

“नाही जेवले.”

“मग पाणी प्यायला सांगा भरपूर. आणि जरा चालून येऊ देत.”

बायकोने समोरच्या बंद दाराकडे बघितलं. मग साहेबाकडे बघत बाही वर केली, पार दंडापर्यंत. साहेब बोलता बोलता थांबला.

“बाई, ते सकाळीच गेले,” ती फोनमध्ये म्हणाली. “बस भिंतीवर गेली. ही शुगर माझी आहे. पहिल्यापासून माझीच होती.”

नर्सने अगदी हळू विचारलं, “मग त्यांची किती होती?”

“माहीत नाही,” बायको म्हणाली. “त्यांची कुणी बघितलीच नाही.”