घंगाळातला पाम

घंगाळ म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल मित्रांनो, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. पसरट तोंडाचं, दोन बाजूंना कड्या असलेलं, आंघोळीच्या पाण्याचं मोठं पितळी भांडं म्हणजे घंगाळ. मी तसंच एक जुनं घंगाळ आहे. तुमच्या न्हाणीघरात आता निळी प्लास्टिकची बादली असते. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. बोललो तर म्हातारा चिडका आहे म्हणाल, आणि ते खरंच आहे.

नागपूरला इतवारीत एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. वसुधाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला लेकीसोबत दिलं. माझ्या काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं आहे, 'चि. सौ. कां. वसुधा हीस आईकडून'. नवरीच्या ट्रंकेशेजारी बसून मी रेल्वेने जबलपूरला आलो. वसुधाबाईंचे यजमान श्रीपादराव इथल्या एका फॅक्टरीत मशीन शॉपमध्ये होते. लोखंडाच्या जाड पाट्यांना भोकं पाडणं हे त्यांचं रोजचं काम. पुढे त्यांनी इथेच कांचघर भागात घर बांधलं, आणि मी तिथल्या न्हाणीघरात ठाण मांडून बसलो.

ते माझे कामाचे दिवस होते. बंबातलं कढत पाणी माझ्यात पडायचं, वरून गार पाण्याचं विसण, आणि वसुधाबाई बोट बुडवून बघायच्या. त्यांची लेक अवंतिका लहान असताना माझ्यातच बसून पाणी उडवायची. दिवाळीच्या आधी मला चिंचेने घासत, तेव्हा मी असा चमकायचो की पाहुण्याबाई न्हाणीघरात डोकावून म्हणत, "अगं, काय सुरेख घंगाळ आहे!" मला ते आवडायचं. कौतुक कोणाला आवडत नाही?

मग भिंतीवर गिझर आला. माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यात आधी रद्दी आली, मग कांदे, मग काहीच नाही. मी काळा पडलो. एवढ्या वर्षांत कोणी मला ठोठावून आवाजसुद्धा काढला नाही.

वसुधाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि सकाळी फिरायला जाऊ लागल्या. एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर पामची पिकलेली फळं पडलेली असायची. त्या पामची पानं माशाच्या शेपटीसारखी. त्यांनी ओंजळभर फळं रुमालात बांधून आणली आणि मला जिन्याखालून बाहेर ओढलं. त्या फळांच्या गराने हाताला भयंकर खाज सुटते. पहिल्या दिवशी बाईंनी ती उघड्या हातांनी चोळली आणि दिवसभर हात खाजवत बसल्या.

"काय करून राहिली तू?" श्रीपादराव हसत म्हणाले.

"पाम लावून राहिले."

"अगं, नर्सरीत तयार भेटतो न!"

"तयार पोरगी पण भेटत होती तुम्हाला. मग अवंतिकेला काहून वाढवलं?"

दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांनी स्वतःच बाईंना रबरी हातमोजे आणून दिले.

गर काढलेलं बी माझ्यात भिजत पडायचं. रोज सकाळी पाणी बदलायचं. वर तरंगणारं बी पोकळ, ते टाकून द्यायचं, तळाला बसेल ते ठेवायचं. मग ओलसर नारळाच्या भुशात ते बी मिसळून बाई पारदर्शक पिशव्यांत बांधत आणि इन्व्हर्टरवर ठेवत, कारण तिथे ऊब असते. पुढे नुसती वाट बघायची. पाम फार सावकाश उगवतो, मित्रांनो. घरातले सगळे विसरून जात, बाई मात्र पिशवी उघडून वास घेत आणि पुन्हा बांधत. कधीतरी एखाद्या बीला पांढरा कोंब दिसे, मग त्या दिवशी शिरा. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. आंघोळीच्या पाण्यापेक्षा मला ते बी सांभाळणं जास्त आवडलं.

मागच्या वर्षी ऐन श्रावणात वसुधाबाई गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं, आणि त्या घरी परत आल्याच नाहीत.

तेरावं झाल्यावर अवंतिका घर आवरत होती. ती इथेच जबलपुरात ओमतीजवळ राहते, कॉलेजात शिकवते. तिला इन्व्हर्टरवर एक पिशवी सापडली. आधीची सगळी रोपं बाईंनी वाटून टाकली होती, ही शेवटची खेप. जवळजवळ सगळं बी सडलं होतं. एकाच बीला कोंब होता. ती पिशवी तिने वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"हा घंगाळात लावू," ते म्हणाले. "तिच्या घंगाळात."

"लावा न बाबा. पण खाली भोक पाडावं लागेल. पाणी जाईल कुठून?"

"भोक? अगं, तुझ्या आजीनं नाव घालून दिलेलं घंगाळ आहे हे."

"मग साध्या कुंडीत लावू."

"कुंडी बाजाराची. त्यात तिचं काय आहे? अच्छा, पाणी मी बेताने घालीन. झालं?"

बापाच्या डोळ्यांत पाणी असताना पोरीने वाद कसा घालावा?

ज्या माणसाने जन्मभर लोखंडाला भोकं पाडली, त्याचा हात माझ्यावर उचलेना. त्यांनी मला चिंचेने घासलं, माती भरली, कोंब लावला आणि मला पुढच्या ओट्यावर ठेवलं. थोड्या आठवड्यांनी पहिलं पान आलं, दोन टोकांचं, अगदी शेपटीसारखं. श्रीपादराव सकाळी चहा घेऊन माझ्याजवळ बसत. "वसुधा, पान आलं गं," असं म्हणत. मग पाणी घालत. संध्याकाळी पुन्हा थोडं. बेताने घालायचं ठरलं होतं, पण पाणी घालणं एवढंच त्यांना तिच्यासाठी करता येत होतं. ते बेताने कसं होणार?

पाणी माझ्या तळाशी साचत गेलं. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. वरची माती सुकलेली दिसे आणि खाली चिखल आंबत होता. मुळं खाली येत, पाण्याला टेकत आणि काळी पडत. मी काय करणार? पितळेला कोणी वाजवल्याशिवाय आवाज फुटत नाही. आणि आता मला वाजवणार कोण, मी तर देवघरातल्या वस्तूसारखा जपला जात होतो.

पानाचं टोक पिवळं झालं. श्रीपादरावांना वाटलं, रोप तहानलं. त्यांनी आणखी पाणी घातलं. थंडीत ते मला उन्हामागे सरकवत राहिले, कंबर धरून. दुसऱ्या पानाची सुरळी वर आली होती, ती उघडलीच नाही. एका सकाळी त्यांनी ती हलकेच धरली तर सगळं रोप हातात आलं. खाली मूळ नव्हतं, नुसता काळा लगदा होता आणि घाण वास.

ते ओट्यावरच बसले. "वसुधा, मीच बुडवला गं," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मी इतक्या वर्षांत त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. बाई गेल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

घरात त्यांचं ड्रिल आहे. तरी ते मला रिक्षात घालून सराफ्याच्या गल्लीत एका कसेऱ्याकडे, म्हणजे पितळी भांडी घडवणाऱ्या-सांधणाऱ्याकडे, घेऊन गेले.

"नीचे छेद कर दो, भैया."

कसेऱ्याने मला उलटसुलट फिरवून पाहिलं. "बाबूजी, लोग तो छेद बंद करवाने आते हैं. इतना बढ़िया बर्तन, काहे को खराब करवा रहे हो?"

"कर दो जी. देर हो गई है, फिर भी कर दो."

त्याने तळाला तीन भोकं पाडली. मला दुखलं नाही, मित्रांनो, खरंच सांगतो. हेच आधी झालं असतं तर, एवढंच मनात आलं.

आता माझ्यात नवी माती आहे. तिच्यात काही लावलेलं नाही. श्रीपादराव तरीही रोज सकाळी पाणी घालतात. ते खालून निघून ओट्यावर पसरतं, मग ते स्वतः फडक्याने पुसतात.

परवा अवंतिका आली होती. ती बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पामच दिले होते न सगळ्यांना? एखादीकडून परत आणू काय मी?"

"वाण परत मागतात काय कुठे?"

"मग निदान जाऊन पाहून येऊ. एखाद्या घरी असेल मोठा झालेला."

श्रीपादराव फडकं पिळत राहिले. "नको बेटा. गेलो आणि सगळेच मेलेले निघाले, तर मग काय करू मी?"

मित्रांनो, म्हणून मीच तुम्हाला विनवतो. तुमच्या दारात किंवा गच्चीवर माशाच्या शेपटीसारख्या पानांचा पाम असेल, आणि तो कुठून आला असं विचारल्यावर तुमच्या आईने किंवा काकूने वसुधाबाईंचं नाव घेतलं, तर आधी त्याच्या कुंडीला खाली भोक आहे का ते पाहा. नसेल तर आजच पाडा, कुंडी कितीही लाडकी असो. मग एकदा कांचघरला या. झाड आणू नका, ते तुमचं आहे. फक्त ओट्याशी उभं राहून सांगा, "काका, आमचा जगला."