वाढलेल्या मुक्कामाचा कर

मित्रांनो, माझ्या विटलेल्या निळ्या रंगाकडे पाहून मी कधीकाळी दुकानाच्या दर्शनी काचेत उभी होते, हे तुम्हाला खरे वाटणार नाही. मी एक जुनी सुटकेस आहे.

मला विकत घेतले एका क्रेनचालकाने. त्याला परदेशातल्या एका बंदरावर नोकरी लागली होती. घरी आणल्यावर त्याच्या वडिलांनी माझी मूठ दोन-तीनदा ओढून पाहिली. त्यांचा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेला होता आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. "टिकेल," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती निघणे म्हणजे पुष्कळच होते.

पुढची काही वर्षे माझी जा-ये चालू राहिली. मी भरलेल्या पोटाने घरी आले की शेजारीपाजारी गोळा होत आणि माझे कौतुक होई. पण परत निघायच्या दिवशी मी दाराशी उभी राहिले की क्रेनचालकाची मुलगी माझ्याकडे पाहतही नसे. एकदा तर तिने माझी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली होती. तिचा राग मला कळत होता.

परत जाण्याची तारीख नुसती कंपनी ठरवत नसे. पहिल्याच वर्षी एका करसल्लागार बाईंनी क्रेनचालकाला नियम समजावून सांगितला होता. तो काम करत होता त्या देशात पगारावर कर नव्हता. पण एका वर्षात ठरावीक मुदतीपेक्षा जास्त दिवस तो मायदेशी राहिला, तर कायदा त्याला इथलाच रहिवासी मानणार होता. मग तिकडचा सगळा पगार इथे दाखवून त्यावर कर भरावा लागला असता. म्हणून मुदत संपायच्या आत तो मला घेऊन निघे.

एका वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तो येऊन गेला. त्यानंतर काही महिन्यांतच मिस्त्रींना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. क्रेनचालक हातातले काम टाकून धावत आला. तो वडिलांना भरवी, त्यांची दाढी करी, कमरेला धरून त्यांना खोलीतल्या खोलीत चालवी. कंपनीने बिनपगारी रजा वाढवून दिली, पण कायद्याची मुदत कशी वाढणार? लग्नाच्या वेळचे दिवसही त्यात मोजले जात होते. बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितले, की या आठवड्यात निघाला नाहीत तर वर्षभराच्या पगारावर कर बसेल. आजारपणाची सवलत त्या नियमात नव्हती.

साठवलेल्या पैशांतून त्याला स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढून कायमचे घरी यायचे होते. बायकोने मला भरले आणि मिस्त्रींच्या खाटेपाशी आणून उभे केले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि सगळे ओळखले. त्यांनी चांगला पाय खाली सोडला आणि मला दाराकडे ढकलले. मी थोडी सरकले. त्यांनी पुन्हा ढकलले. बोलता येत नसलेला तो बाप मुलाला जा म्हणत होता.

क्रेनचालक खाली बसला. त्याने मला आडवे करून उघडले आणि एकेक सदरा काढून बायकोच्या हातात दिला.

"वर्कशॉपचं काय?" तिने हळूच विचारले.

"वर्कशॉप दोन वर्षं थांबेल. बाबा थांबतील का?"

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले. दिवसभर त्यांनी कुणाकडे पाहिले नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी मुलाच्या हातून चार घास खाल्ले.

पुढे महिन्याभराने ते गेले. भर दुपारी, मुलगा त्यांची नखे कापत असताना.

कर भरायची वेळ आली तेव्हा मेहुणा कळवळ्याने म्हणाला, की मुक्काम थोडा कमी दाखव, कोण विचारायला बसलंय?

"मी इथंच होतो," क्रेनचालक म्हणाला. "बाबांचा हात माझ्या हातात होता. नव्हतो असं कसं लिहून देऊ?"

क्रेनचालकाने सगळा कर भरला आणि मला घेऊन पुन्हा बंदरावर गेला. पुढच्या फेऱ्यांत माझे एक चाक निखळले. पण ठरल्यापेक्षा उशिरा का होईना, तो कायमचा परतला. आता त्याच्या वर्कशॉपचा आवाज मला इथे माळ्यावर ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी परदेशी कामाला निघाले, तर सामान बांधण्याआधी दोन्हीकडचे कराचे नियम नीट विचारून घ्या. कायद्याला दिवस मोजावेच लागतात. ते दिवस कुणापाशी घालवायचे, हे मात्र माणसाने ठरवायचे असते. आणखी एक विनवणी आहे. इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला धूळ खात टाकू नका. मी उलटे मागते. घरी आलेल्या माणसाची बॅग दाराशी ठेवू नका. ती आत न्या, रिकामी करा आणि खुशाल विसरून जा. आमच्या अंगावर धूळ साचली, म्हणजे घरचे माणूस घरात आहे.